मेलेल्या जनुकाला औषध लागू पडतं का?

प्रश्न शिरपूरला एम.फार्म. करणाऱ्या एका मुलीचा आहे. गाव धडगावच्या वरच्या अंगाचा एक पाडा. चौदा वर्षांचा धाकटा भाऊ सिकलसेलचा, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष. गाइडने प्रोजेक्टला विषय दिला, 'मानवी स्यूडोजीन : औषधाचं संभाव्य लक्ष्य'. तिने वाचायला घेतलं, तर हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकाच्या अगदी शेजारी एक स्यूडोजीन बसलेला सापडला. नाव एचबीबीपी१. तो भाग काढून टाकला की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होतं, असंही वाचनात आलं. तिला दोन गोष्टी कळायला हव्यात. जो जनुक प्रथिनच बनवत नाही, त्यावर औषध चालणार कसं? आणि यातून भावासाठी काही निघेल का? शेवटी तिने लिहिलंय, "घरी सांगितलं तर आजी म्हणते, मेलेल्याला औषध पाजून काय होणार?"

आजीचा प्रश्न गाइडच्या विषयापेक्षा नेमका आहे. तिथूनच सुरू करतो.

मी जळगावचा. बरीच वर्षं औषधं शोधणाऱ्या कंपन्यांत जनुकांवर काम केलं, आता इथे छोटी मॉलिक्युलर लॅब चालवतो. स्यूडोजीनला पुस्तकी मराठीत छद्मजनुक म्हणतात, पण लॅबमध्ये तो शब्द कुणाच्या तोंडी ऐकला नाही, म्हणून स्यूडोजीनच म्हणू. हे नाव १९७७ साली पडलं, तेही माणसाच्या नाही तर झेनोपस नावाच्या बेडकाच्या डीएनएवरून. दिसायला हुबेहूब जनुक, काम मात्र शून्य, एवढीच तेव्हाची समजूत. आपल्याकडचं केळं उभं चिरून पाहा. मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात. त्या एकेकाळच्या बिया. आज त्या रुजत नाहीत, आणि रावेर-यावलकडे कुणी त्या पेरायच्या फंदात पडत नाही; लागवड कंदाने नाहीतर टिश्यूकल्चरच्या रोपाने होते. स्यूडोजीन म्हटलं की पहिल्यांदा हेच डोळ्यांसमोर आणावं. फक्त एक फरक आहे, आणि पुढचं सगळं त्या फरकावर उभं आहे. केळ्यातला ठिपका खरोखर काही करत नाही. स्यूडोजीनबद्दल तसं डोळे झाकून म्हणता येत नाही.

माणसात प्रथिनं बनवणारे जनुक साधारण २० हजार, आणि मोजदादीत आलेले स्यूडोजीन १४ हजारांच्या पुढे. म्हणजे घरात जेवढी नांदती माणसं, जवळपास तेवढेच भिंतीवरचे फोटो. ते तीन वाटांनी तयार होतात. कधी जनुकाची जोडप्रत होते आणि दोघांतली एक हळूहळू बिघडत जाते. कधी आरएनएवरून उलट दिशेने डीएनए बनतो आणि भलत्याच ठिकाणी जाऊन चिकटतो. तिसऱ्या वाटेत जोडप्रत वगैरे काही नसते, होता तो एकुलता एक जनुकच बंद पडतो.

या तिसऱ्या जातीत आजीला एक सरळ उत्तर मिळतं. युरिकेज हे एन्झाइम बनवणारा जनुक माणसाच्या पूर्वजांतच बंद पडला. बहुतेक सस्तन प्राणी युरिक ॲसिडचे पुढे तुकडे करतात, आपण करू शकत नाही. म्हणून गावातल्या एखाद्या नानांचा अंगठा रात्रीतून टम्म सुजतो, तोच गाउट. औषधवाल्यांनी त्या मेलेल्या जनुकाला हातही लावला नाही. त्याचं काम बाहेरून आणलं. रासबुरिकेज हे बुरशीच्या जनुकावरून बनवलेलं युरिकेज कॅन्सरच्या उपचारात युरिक ॲसिड एकदम चढलं की देतात. पेग्लोटिकेज हट्टी गाउटसाठी २०१०मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मेलेल्याला औषध न देता त्याच्या जागी बदली माणूस कामावर घ्यायचा, असा हा प्रकार. माझ्या मते स्यूडोजीनच्या ज्ञानातून निघालेला सगळ्यात बिनधोक मार्ग हाच, पण रिव्ह्यू लेखांत त्याला कुणी 'स्यूडोजीन टार्गेटिंग' म्हणत नाही. नाव आकर्षक नाही ना!

दुसऱ्या जातीने माझं स्वतःचं नाक कापलंय, तेही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका प्रोजेक्टमध्ये मी जीएपीडीएच हा नेहमीचा संदर्भ जनुक धरून आरएनए मोजत होतो. मानवी जीनोममध्ये या एका जनुकाचे साठेक स्यूडोजीन विखुरलेले आहेत, आणि ते आरएनएवरून बनलेले असल्यामुळे त्यांच्यात इंट्रॉन, म्हणजे आरएनए जोडताना कापून टाकले जाणारे मधले तुकडे, नसतात. माझ्या नमुन्यांत डीएनएचा अंश राहून गेला होता. प्रायमर, म्हणजे जनुक ओळखायला वापरायचे डीएनएचे छोटे तुकडे, त्या स्यूडोजीनांवर जाऊन बसत होते आणि बँड सुंदर येत होता, आरएनए असो की नसो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम, न घालता एक नळी चालवायची असते; तिच्यातही बँड आला तर तो आरएनएचा नाही, हे कळतं. कंटाळा केला म्हणून ती मी चालवली नव्हती. तीन महिन्यांचा डेटा टोपलीत गेला. तुझ्या प्रोजेक्टमध्ये बाकी काही विसरलीस तरी चालेल, ती नळी विसरू नकोस.

आता मूळ मुद्दा. 'टार्गेट' हा शब्द फार गुळगुळीत झालाय. कुणी म्हणालं, अमुक स्यूडोजीन टार्गेट आहे, की मी विचारतो, औषध चिकटणार कशाला? डीएनएच्या त्या जागेला? त्या जागेवरून निघणाऱ्या आरएनएला? की अर्धवट जिवंत प्रत असेल तर तिच्याकडून थोडंफार प्रथिन काढून घेणार आहात? नाव एकच असलं तरी ही तीन वेगवेगळी कामं आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की गाडी खड्ड्यात.

अर्धवट जिवंत प्रतीचं सगळ्यात चांगलं उदाहरण एसएमएन२. काटेकोर व्याख्येत तो स्यूडोजीन नाही, हे परीक्षेत विचारलं तर सांग. पण वागणूक तशीच. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या आजारात मुलांचा एसएमएन१ जनुक निकामी असतो. शेजारी एसएमएन२ ही जवळजवळ हुबेहूब प्रत असते. सातव्या एक्झॉनमध्ये, म्हणजे आरएनएत टिकणाऱ्या सातव्या तुकड्यात, सी-च्या जागी टी, एवढ्या एका अक्षराने आरएनए जोडताना तो एक्झॉन बहुतेक वेळा गळतो आणि प्रथिन लुळं निघतं. दहातलं एखादं मात्र पूर्ण बनतं. न्युसिनर्सेन हे औषध आरएनएवर शेजारच्या इंट्रॉनमध्ये जाऊन बसतं, त्यामुळे सातवा एक्झॉन गळत नाही. ते २०१६च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झालं आणि पाठीच्या मणक्यातून टोचावं लागतं. २०२०मध्ये रिसडिप्लाम आलं, तोंडाने घ्यायचं, काम तेच. सगळ्यांनी कुचकामी ठरवलेली प्रत एका अक्षरापायी अडली होती. इथे आजी हरली, कारण रोगी मेलेलाच नव्हता.

आरएनएवरून निघालेली दुसरी मोठी लाट २०१०ची. पीटेन हा गाठींना आवर घालणारा जनुक. त्याचा स्यूडोजीन पीटेनपी१ प्रथिन बनवत नाही, पण त्याचा आरएनए मायक्रोआरएनएंना, म्हणजे जनुकांचं काम दाबणाऱ्या छोट्या आरएनएंना, स्पंजासारखा शोषून घेतो आणि खऱ्या पीटेनवरचा दाब कमी होतो, असं 'नेचर'मधल्या त्या कामात दाखवलं होतं. कल्पना देखणी आहे. त्यानंतर 'अमुक स्यूडोजीन, तमुक कॅन्सर' या साच्याचे इतके पेपर निघाले की तुला गाडीभर मिळतील. वाचताना एकच बघ, पेशीत त्या आरएनएच्या प्रती किती? स्पंज बादलीभर पाणी शोषतो, पण बादलीत एकच खडू टाकलास तर पाण्याची पातळी हलत नाही. पुष्कळ प्रयोगांत स्यूडोजीनचा आरएनए बाहेरून भरमसाठ घालून परिणाम दाखवलेला असतो. शरीरात तेवढा असतोच असं नाही. मी अशा पेपरांकडे पाहून कंपनीचा एक रुपयाही लावायला सांगणार नाही.

आता तुझ्या एचबीबीपी१कडे येऊ.

अकराव्या गुणसूत्रावर ही वस्ती ओळीने अशी आहे. आधी एप्सिलॉन, गर्भाच्या पहिल्या आठवड्यांचा. मग दोन गामा, गर्भातल्या हिमोग्लोबिनचे. मग आपला एचबीबीपी१. नंतर डेल्टा, आणि शेवटी बीटा. सिकलसेलची चूक शेवटच्या घरात आहे, सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. एचबीबीपी१ मात्र आपल्यात केव्हाच बंद पडलेला. गंमत म्हणजे शेळीत याचाच भाऊबंद अजून चालू आहे आणि करडू पोटात असताना ग्लोबिन बनवतो. बंद पडला तो आपल्या वंशात, माकडं आणि माणसं वेगळी होण्याच्याही कितीतरी आधी.

या ओळीच्या वरच्या टोकाला एलसीआर नावाचा भाग असतो. त्याला विहिरीवरची मोटर समज. ठिबकच्या एकाच लाइनवर पाच वाफे, आणि ज्या वाफ्याशी जोड लागते तिथे पाणी. गर्भात ती जोड गामाशी लागते, जन्मानंतर काही महिन्यांत बीटाकडे वळते. म्हणूनच एसएस बाळ सुरुवातीचे महिने ठणठणीत दिसतं आणि नंतर हातपाय सुजायला लागतात. गामाकडची जोड मोठेपणीही टिकली, तर बीटाची चूक बरीच झाकली जाते. सिकलसेलच्या औषधांचा निम्मा शोध या एका वाक्याभोवती फिरतो.

२०१७ साली 'जीन्स अँड डेव्हलपमेंट'मध्ये एक काम आलं. गर्भातल्या आणि मोठ्या माणसाच्या लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत हा डीएनए कसा घड्या घालून बसतो, याची तुलना त्यात होती. मोठ्या माणसात एचबीबीपी१ आणि त्याच्या शेजारचा भाग वळून एप्सिलॉनला जाऊन भिडतो. त्यामुळे गामा आडोशाला पडतो आणि मोटरपासून तुटतो. एचबीबीपी१चा भाग कापून टाकल्यावर घडी गर्भासारखी झाली, गामाची मोटरशी भेट वाढली आणि गामाचं काम जोरात सुरू झालं. बीसीएल११ए हा गामाला दाबून ठेवणारा घटक काढल्यावर जे घडतं, जवळपास तेच. तू वाचलेलं वाक्य इथलं आहे, आणि ते बरोबर आहे.

पण अर्ध्यावर सोडू नकोस. २०२१मध्ये 'डेव्हलपमेंटल सेल'मध्ये दुसरं काम आलं, ते याच जागेच्या आरएनएबद्दल. एचबीबीपी१चा आरएनए एचएनआरएनपीए१ या प्रथिनाला धरतो आणि त्यातून टीएएल१ हा घटक टिकून राहतो. टीएएल१शिवाय लाल पेशी घडत नाहीत. म्हणजे ज्याला आपण मेलेला म्हणतो त्याच्या आरएनएची लाल पेशी तयार होताना गरज लागते. शिवाय बीटा-थॅलेसेमियाच्या काही रुग्णांत आजार सौम्य राहण्याशीही त्याचा संबंध त्यांनी जोडला.

ही दोन कामं शेजारी ठेव. जागा काढली तर गामा वाढतो, हे हवं आहे. आरएनए गेला तर लाल पेशी घडण्यात खोट येते, आणि सिकलसेलच्या मुलाला आधीच रक्त कमी. आता कुणी आरएनए तोडणारं औषध बनवून म्हणालं, 'एचबीबीपी१ टार्गेट केला', तर त्याने पहिल्या कामाचा फायदा घेतलाच नाही आणि दुसऱ्या कामाचा तोटा पदरात पाडून घेतला. घडीला डीएनएची जागा लागते, तिथला आरएनए तोडून घडी उलगडेल असं समजायला आधार नाही. माझं स्पष्ट मत असं : एचबीबीपी१चा आरएनए हे औषधाचं लक्ष्य नाही, त्याला जपावं. डीएनएची ती जागा लक्ष्य होऊ शकते, पण अख्खा स्यूडोजीन उडवून नव्हे. घडी घालायला त्यातला नेमका कोणता तुकडा लागतो हे हुडकून, तेवढ्यालाच हात लावून. आणि तो तुकडा सापडला तरी पहिला प्रश्न राहतोच, बीसीएल११एच्या वाटेने जे आधीच जमलंय त्याहून यात काय जास्त मिळणार?

जमलंय म्हणजे खरंच जमलंय. बीसीएल११एचा लाल पेशींपुरता असलेला स्विच क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीने बिघडवून रुग्णाच्याच मूळ पेशी परत देतात. हा कॅसजेव्ही उपचार २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेतली किंमत एका रुग्णाला २२ लाख डॉलर. आधी केमो देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. धडगावहून नंदुरबारला रक्त तपासायला यायचं तर दिवस मोडतो, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

गोळी किंवा इंजेक्शनने हे करता येईल का, असं तू विचारशीलच. न्युसिनर्सेनसारखे आरएनएवर बसणारे तुकडे रक्तात सोडले की बहुतेक यकृतात आणि मूत्रपिंडात जाऊन बसतात. मणक्यातून दिले तर चेतापेशींपर्यंत पोचतात. अस्थिमज्जेत पुरेसे पोचवणं अजून अवघड आहे. लक्ष्य कागदावर कितीही छान असलं तरी मालाची गाडी त्या गावाला जात नसेल तर बाजार भरत नाही.

आणखी एक फास आहे, सारखेपणाचा. या वस्तीतली घरं एकमेकांच्या प्रती आहेत. दोन गामांचे प्रमोटर, म्हणजे जनुक सुरू करणारे पुढचे भाग, इतके सारखे की एका जागी कापायला गेलं की दोन्हीकडे कापलं जातं, आणि मधला ४.९ हजार अक्षरांचा तुकडा गळून जाऊ शकतो. स्यूडोजीनवर नेम धरताना खऱ्या जनुकाला गोळी लागणं हा या क्षेत्रातला रोजचा धोका. उलटंही होतं. जन्मजात ॲड्रिनलच्या एका आजारात शेजारच्या स्यूडोजीनमधल्या चुका खऱ्या सीवायपी२१ए२ जनुकात उतरतात आणि तोही बिघडतो. तपासणी करणाऱ्याने दोघांत गल्लत केली तर रिपोर्टच उलटा.

म्हणून प्रोजेक्टबद्दल माझा सल्ला असा. शीर्षक बदल. 'संभाव्य लक्ष्य' म्हणण्याऐवजी 'एचबीबीपी१ : जागा की आरएनए?' असा प्रश्नच शीर्षकात ठेव. मूळ पेशी वाढवून त्यांच्यापासून लाल पेशी घडवण्याची सोय बहुतेक कॉलेजांत नसते, त्यासाठी रडत बसू नकोस. पाच ग्लोबिन आणि एचबीबीपी१ यांची अक्षरं शेजारी मांड, कुठे फरक आहे ते खुणाव, आणि फक्त एचबीबीपी१लाच ओळखतील असे प्रायमर बनव. हे काम साध्या संगणकावर होतं, आणि नीट केलं तर पुढच्या माणसाचे तीन महिने वाचतात. सर्वांसाठी खुला असलेला आरएनएचा डेटा उघडून लाल पेशी घडण्याच्या कोणत्या टप्प्यावर हा आरएनए किती असतो तेही बघ. शेवटी प्रत्यक्ष प्रयोग कसा करावा ते कागदावर लिही : एका गटात जागा कापायची, दुसऱ्यात जागा तशीच ठेवून फक्त आरएनए कमी करायचा, तिसऱ्यात जागा कापून आरएनए बाहेरून द्यायचा, चौथा गट न छेडलेला. चारही गटांत गामा किती आणि पक्व लाल पेशी किती, दोन्ही मोज. एकटा गामा मोजून आनंद मानणारे पुष्कळ भेटतील.

आता भाऊ. त्याच्यासाठी आज जे आहे ते हायड्रॉक्सियुरिया. अमेरिकेत १९९८पासून सिकलसेलसाठी मंजूर, आपल्याकडे कॅप्सूलमध्ये स्वस्तात मिळतं, आणि काम तेच, गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवणं. स्यूडोजीनच्या जागी कात्री लावून जे साधायचंय, ते हे जुनं औषध आडमार्गाने थोडंफार साधतं. चालू नसेल तर डॉक्टरांना स्वतः विचार. चालू असेल तर ठरल्या वेळी सीबीसी ही रक्तपेशी मोजण्याची तपासणी चुकवू नका, कारण पांढऱ्या पेशी उतरू शकतात. परिणाम दिसायला काही महिने लागतात. 'गुण नाही' म्हणून दुसऱ्या महिन्यात गोळ्या टाकून देणारी कितीतरी घरं मी पाहिलीत. सीबीसीमध्ये एमसीव्हीचा, म्हणजे लाल पेशीच्या सरासरी आकाराचा, आकडा चढत गेला तर समजायचं की गोळी पोटात जातेय, बांबूच्या कणगीमागे नाही. ताप आला तर घरी वाट पाहू नका, लसी पूर्ण करा, पाणी भरपूर, आणि उन्हाळ्यात लग्नाच्या वरातीत दुपारभर नाचू देऊ नका. तुझी स्वतःची तपासणीही झाली नसेल तर करून घे. २०२३पासून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम चालू आहे, तपासणी फुकट होते. तू एएस, म्हणजे एकच प्रत सदोष असलेली, निघालीस तर आजारी नाहीस, पण जोडीदारही एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक, हे लग्नाआधी माहीत असलेलं बरं.

एक गोष्ट तुझ्या प्रोजेक्टला आणि भावाला जोडणारी आहे. भारतातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा जो अरब-भारतीय प्रकार दिसतो, त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं. त्याचा संबंध एका गामाच्या प्रमोटरमधल्या, १५८ अक्षरं आधीच्या, सी-ऐवजी टी या बदलाशी लावतात. म्हणजे आपण लॅबमध्ये जी जोड लावायला धडपडतोय, ती सातपुड्यातल्या पुष्कळ पोरांत थोडीशी आधीच लागलेली आहे. भावाचा एचपीएलसी रिपोर्ट, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारा, घरात असेलच. हायड्रॉक्सियुरिया सुरू होण्याआधीचा असला तर उत्तमच. त्यात एचबीएफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, लिहिलेल्या ओळीपुढचा टक्का बघ, आणि मला कळव. फोटो पाठवलास तर वरचं नाव आणि नंबर बोटाने झाकून काढ.